परड्याची ऋतुचर्या

आयुर्वेदाने ‘ऋतुचर्या’ हा शब्द माणसाच्या शरीरासाठी योजला. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानात त्यासाठी एक स्वतंत्र अध्यायच दिला आहे. ऋतू पालटला की आहारविहारही पालटावा, हा त्याचा मथितार्थ. घराभोवतीच्या मोकळ्या जागेलाही अशीच ऋतुचर्या लागते, हे मात्र मला वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथाने शिकविले नाही. ते माझ्याच परड्यात घडलेल्या एका प्रसंगाने शिकविले. स्मरणिकेसाठी लिहावयाचे ठरविले तेव्हा प्रथम तोच प्रसंग डोळ्यांपुढे आला.

आमचे बेळगावातील घर जुने, कौलारू. पुढे अंगण, मागे परडे. परड्यात आड, दोन आंबे, एक फणस, शेवगा, आणि अगदी मागे कुंपण म्हणून मोगली एरंडाची रांग. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, नुसती फांदी खोचली तरी जगते, म्हणून आपल्या भागात त्याचे कुंपण सर्रास दिसते. २००६ सालच्या दिवाळीत आळीतली मुले आमच्या परड्यात किल्ला करीत होती. माझी मुलगी त्यांत होती, आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा चार वर्षांचा मुलगाही होता. दुपारी भूक लागली तेव्हा कोणीतरी कुंपणावरची वाळलेली फळे फोडली. आतली काळी बी सोलली की पांढरा गर निघतो आणि तो चवीला बदामासारखा लागतो. पाच मुलांनी तो वाटून खाल्ला.

तास-दीड तासात एकापाठोपाठ एक मुले ओकू लागली. पोटात कळा, जुलाब, पांढरेफटक चेहरे. माझी पत्नी पाचही जणांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आली. तिघांना ओआरएसवर निभावले, दोघांना सलाईन लावावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व मुले सुखरूप घरी गेली. वैद्यकीय दृष्ट्या प्रकरण तेथे संपले. परंतु रात्री सलाईनच्या बाटलीकडे पाहत बसलेल्या त्या बाईंनी मला विचारले, “डॉक्टरसाहेब, ते झाड विषारी हाय, हे तुमास्नी ठावं नव्हतं व्हय?”

ठाऊक होते. विषबाधेच्या प्रकरणात मी त्याचे शास्त्रीय नाव पाठ केले होते. परंतु पुस्तकातले ‘जट्रोफा करकस’ आणि माझ्या कुंपणातले झाड एकच, याची सांगड मी कधी घातलीच नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात मी सारे परडे साफ करून त्यावर फरशी घालण्याचे ठरविले. गवंडी येऊन मोजमापही घेऊन गेला. तेव्हा आई म्हणाली, “परडं झाकशील, पण पोरांना आळीत जायचं थांबवशील का? शेजारच्या कुंपणात हीच झाडं आहेत. त्यापेक्षा त्यांना झाडांची ओळख करून दे. आणि आधी तू करून घे.” मोगली एरंड काढला, त्या जागी जास्वंद आणि मेंदी लावली, फरशी मात्र घातली नाही. एक वही घेतली, तिची बारा पाने बारा महिन्यांसाठी राखली, आणि परड्यात केव्हा काय करावयाचे व दवाखान्यात केव्हा काय येते, हे समोरासमोर लिहीत गेलो. पुढील विवेचन बव्हंशी त्या वहीतून आले आहे.

उन्हाळा : पाणी, पाचोळा आणि वळीव

फाल्गुन सरता सरता परड्यात पानगळीचा खच पडतो. हा पाचोळा पेटवून देण्याची आपली जुनी सवय आहे. दवाखान्यात मार्च महिन्यात खोकणारी, धाप लागलेली जी मुले येतात, त्यांच्यापैकी काहींच्या घराशेजारी सायंकाळी पाचोळा जळत असतो. त्या धुरातील सूक्ष्म कण दमेकरी मुलाच्या श्वासनलिका आकसण्यास पुरेसे असतात. हाच पाचोळा झाडांच्या आळ्यांत दोन-तीन इंच जाडीचा थर करून पसरावा. खोडापासून चार बोटे अंतर सोडावे, म्हणजे खोड कुजत नाही व वाळवी चढत नाही. या आच्छादनाने जमिनीतील ओल टिकते, पाणी निम्म्या वेळा घातले तरी बहुधा भागते, आणि पावसाळ्यापर्यंत त्याचेच खत होते. उरलेला पाचोळा एका कोपऱ्यातील खड्ड्यात शेण व माती घालून कुजत ठेवावा.

पाणी सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कुंड्यांतील बहुतेक झाडे तहानेने नव्हे, तर अतिपाण्याने मुळे कुजून मरतात. आमच्याकडे येणाऱ्या बाळांना आया जसे भूक नसताना भरवितात, तसाच हा प्रकार आहे.

उन्हाळ्यात पाण्याचा साठा वाढतो आणि त्याबरोबर एक धोकाही वाढतो. आडाला कठडा व वर लोखंडी जाळी असावी. हौदाला व जमिनीतील टाकीला मुलाला उचलता येणार नाही असे झाकण असावे. रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडू शकते, कारण त्याचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते वाकले की पुन्हा सावरता येत नाही. ओरडण्याचा आवाजही येत नाही. म्हणून बागेला पाणी घालून झाले की बादल्या व पिंपे पालथी घालावीत. ही एक सवय या लेखातून घेतली गेली, तरी लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे वळीव कोसळतो. आभाळ भरून येताच मुले कैऱ्या वेचण्यासाठी आंब्याखाली धावतात. नेमक्या त्याच वेळी वाळक्या फांद्या मोडतात आणि विजाही पडतात. गडगडाट ऐकू आला की झाडाखालून निघून घरात यावे, हा नियम मुलांना पाठ करवावा. वाळक्या फांद्या व माडाच्या सुकलेल्या झावळ्या वळिवापूर्वीच उतरवून घ्याव्यात.

याच दिवसांत आपण लाकडांचे ढीग, विटा, कौले हलवितो. त्याखाली विंचू असतो. लाल विंचवाचा दंश मोठ्या माणसाला असह्य वेदना देतो, मुलाच्या मात्र हृदयावर आघात करतो. दंशानंतर मूल घामाने डबडबले, हातपाय थंड पडले, ओकू लागले, तर क्षणाचाही विलंब लावू नये. एके काळी अशी कितीतरी मुले दगावत. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या साध्या, स्वस्त औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि चित्र पालटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री किताब मिळाला. ग्रामीण भागात राहून केलेल्या त्या निरीक्षणांचा आपणा सर्व व्यावसायिकांना अभिमान वाटावा. परंतु ढीग हलविताना पायांत बूट, हातांत फावडे आणि मुले घरात, हे त्याहून सोपे औषध आहे.

पावसाळा : लावणी आणि साचलेले पाणी

मृगाचा पाऊस स्थिरावला की लावणीचे दिवस. शेवग्याची मनगटाएवढी फांदी पाणी न साचणाऱ्या जागी लावली की सहज जगते. कढीपत्ता, पपई, लिंबू, कर्दळ, केळ यांची रोपे याच काळात लावावीत. सांडपाण्याच्या वाटेवर केळ व कर्दळ लावली की पाणी शोषले जाते आणि डबके राहत नाही. शेवग्यावर पावसाळ्यात केसाळ सुरवंट घोळक्याने बसतात. त्यांचे केस अंगाला लागले की मूल खाजवून हैराण होते. अशा वेळी चोळू नये. त्या जागी चिकटपट्टी लावून अलगद ओढावी, केस तिच्याबरोबर निघतात. मग साबणाच्या पाण्याने धुवावे.

आता डेंग्यूविषयी. हा रोग पसरविणारा एडिस डास गटारापेक्षा घरातील व परड्यातील स्वच्छ, साचलेले पाणी पसंत करतो, आणि तो दिवसा चावतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळण्याला शास्त्रीय आधार आहे. पण नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरड्या स्थितीत कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी आले की उबतात. यास्तव भांडे घासून कोरडे करणे आवश्यक आहे. कुंड्यांखालच्या बशा, जुने टायर, नारळाच्या करवंट्या, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी, मनीप्लँटची बाटली, फ्रिजच्या मागील तबक, गच्चीवरील ताडपत्रीच्या घड्या, ही यादी मुलांच्या हाती द्यावी आणि दर रविवारी त्यांनाच तपासनीस करावे. आमच्याकडे एका पावसाळ्यात सर्वांत जास्त अळ्या सापडल्या त्या मी कौतुकाने जमविलेल्या निवडुंगाच्या रिकाम्या कुंड्यांत!

बेळगावचे जुने नाव वेणुग्राम. वेळूची बेटे अजूनही अनेक परड्यांत आहेत. वेळू तोडताना पेराच्या अगदी वर तोडावा. मध्येच तोडला तर पोकळीत पाणी साचते आणि डासांना आयती जागा मिळते. आडात गप्पी मासे सोडावेत.

गाजर गवत याच दिवसांत माजते. हे परदेशी तण १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या संपर्काने कातडीचा इसब आणि परागांमुळे सर्दी व दमा बळावतो. ते फुलण्यापूर्वी, पावसाने माती मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. फुलल्यावर उपटणे म्हणजे बियांची पेरणी करणे होय.

बांधकामाची उरलेली वाळू परड्यात पडून असेल तर ती झाकून ठेवावी. कुत्री-मांजरे तीत विष्ठा करतात, आणि तिच्यातील कृमींच्या अळ्या अनवाणी खेळणाऱ्या मुलाच्या कातडीत शिरून नागमोडी, खाजरी रेघ उमटवितात. मातीत खेळू द्यावे, पण पायांत चप्पल असावी आणि खेळून आल्यावर हात साबणाने धुवावेत. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाडीतून मिळणारी जंताची गोळी चुकवू नये. खुरपे लागले की ‘किरकोळ’ म्हणून सोडू नये. दीड वर्ष, पाच वर्षे, दहा वर्षे आणि सोळा वर्षे या वयांतील धनुर्वाताचे डोस झाले आहेत की नाहीत, हे त्या निमित्ताने तपासावे.

सापांचे भय पावसाळ्यात वाढते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्या भागातील प्रमुख विषारी साप. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दंश इतका बारीक असतो की सकाळी मुलाच्या पापण्या मिटू लागेपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाही. भिंतीला टेकून लाकडे रचू नयेत, गवत कापलेले असावे, सांडलेले धान्य आवरावे म्हणजे उंदीर येत नाहीत. रात्री परड्यात जाताना विजेरी न्यावी.

शरद : बिया पिकण्याचा काळ

पाऊस ओसरला की ऊन पडते, सुट्ट्या लागतात, मुले बाहेर येतात आणि नेमक्या त्याच वेळी विषारी झाडांची फळेही पिकतात. आमच्या प्रसंगातील तिढा हाच होता. म्हणून वहीतील आश्विनाचे पान मी सर्वांत मोठे ठेवले आहे.

मोगली एरंडाने उलट्या-जुलाब होतात. वेळीच द्रव दिल्यास मूल बहुधा सावरते. पिवळा कण्हेर, म्हणजेच बिट्टी, याहून फार धोकादायक. तिच्या त्रिकोणी बिया मुले खेळायला गोळा करतात. त्यांतील द्रव्य हृदयाची गती मंदावते आणि ठोके अनियमित करते. बिट्टी खाल्लेले मूल हसत-खेळत असले तरी त्याला किमान चोवीस तास हृदयालेखाच्या देखरेखीखाली ठेवावे, असे मी तरुण सहकाऱ्यांना आग्रहाने सांगतो. लाल व पांढरा कण्हेरही त्याच जातीचा. धोतरा महादेवाला वाहतात, म्हणून तो अंगणात राहतो. त्याच्या बियांनी तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात आणि मूल बरळू लागते. गुंजेचे टरफल कठीण असते. अख्खी गिळलेली गुंज पुष्कळदा तशीच बाहेर पडते, पण चावलेली प्राणघातक ठरू शकते. एरंडाच्या बीचेही तेच. घरात शोभेसाठी ठेवलेल्या ठिपक्यांच्या पानांच्या डिफेनबॅकियाचे पान चावले तर जीभ व ओठ सुजतात. अळू कच्चे राहिले की घसा खाजतो, त्याचे कारण असलेले स्फटिकच त्याच्यात असतात.

ही सारी झाडे तोडावीत काय? लहान मूल असलेल्या घरात मोगली एरंड, बिट्टी व धोतरा नसावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीच्यांची ओळख करून द्यावी. ‘घरच्यांना दाखविल्याशिवाय झाडावरचे काहीही तोंडात घालायचे नाही’, हे एकच वाक्य तीन वर्षांच्या मुलालाही समजते.

गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये करावी. वाळक्या व आत वळलेल्या फांद्या काढाव्यात आणि बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप द्यावा.

हिवाळा : भाजीचा वाफा आणि औषधांची बाटली

मुलाच्या हाती स्वतंत्र वाफा देण्यासाठी कार्तिक-मार्गशीर्षासारखे दिवस नाहीत. मेथी पेरली की चार-पाच दिवसांत उगवते आणि तीन-चार आठवड्यांत खुडता येते; मुलाच्या धीराला पुरेल एवढाच हा काळ आहे. धणे रगडून दोन फाकी करून पेरावेत. पालक, मुळा, टोमॅटोही याच दिवसांत साधतात. ताटातली भाजी दूर लोटणारे मूल स्वतः लावलेली मेथी निमूटपणे खाते, हा अनुभव माझ्या कित्येक पालकांनी मला येऊन सांगितला आहे.

भाजीवर मावा पडला की औषध फवारण्याचा मोह होतो. घरगुती वाफ्यासाठी शेतीची कीटकनाशके मुळीच आणू नयेत. निंबोळ्यांची भरड ५० ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारावी. माव्याला पाण्याची जोराची धारही पुष्कळदा पुरते.

शेतातून ‘थोडेसे’ औषध शीतपेयाच्या बाटलीत ओतून आणण्याची पद्धत तर पूर्णपणे बंद झाली पाहिजे. बाटली ओळखीची, आतले द्रव्य अनोळखी. अशा मुलाच्या तोंडाला लाळ, अंगाला घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि स्नायूंना थरथर, हे चित्र ज्याने एकदा पाहिले तो ते विसरत नाही. आमच्या हाती अॅट्रोपिन आहे, पण प्रत्येक मूल आमच्यापर्यंत वेळेत पोहोचत नाही.

अपघात झालाच तर

विषारी पदार्थ पोटात गेल्यास मुलाला ओकायला लावू नये. मिठाचे पाणी पाजू नये. रॉकेल किंवा कीटकनाशक असेल तर ओकारी फुप्फुसात जाऊन दुसरेच संकट उभे राहते. कीटकनाशक अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे. झाडाची फांदी, बी किंवा बाटली सोबत आणावी. आम्हाला निदानासाठी तिचा फार उपयोग होतो. सर्पदंशात कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधून न हलविता, मुलाला चालू न देता थेट प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे घालविलेला तास परत येत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातील सर्वांना पाठ असावा.

सहकाऱ्यांना एक विनंती. आपण रुग्णाच्या इतिहासात ताप, खोकला, लसीकरण सारे विचारतो. त्यात ‘घरामागे काय आहे?’ हा एक प्रश्न वाढवावा. आड, कुंपण, विटांचा ढीग, टायर ही माहिती अर्ध्या मिनिटात मिळते आणि पुढचा अपघात टाळण्यास उपयोगी पडते.

गेल्या काही वर्षांत आमच्या आळीतील बहुतेक परड्यांवर फरशी आली. स्वच्छता वाढली असेल, पण उन्हाळ्यात त्या घरांची मुले दुपारी तापलेल्या फरशीवर पाय ठेवू शकत नाहीत आणि पावसाचे पाणी मुरण्याऐवजी रस्त्यावर वाहते. भयापोटी माती झाकणाऱ्यांना मी दोष देत नाही. मीही एकदा गवंड्याला बोलाविले होते. परंतु त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर फरशी हे नव्हे. येत्या रविवारी घरातील मुलांना सोबत घेऊन परड्यात एक फेरी मारावी आणि तेथील दहा झाडांची नावे, त्यांपैकी कशाला हात लावावयाचा आणि कशाला नाही, हे एका वहीत लिहून काढावे. एखादे नाव आपल्याला ठाऊक नसेल तर शेजारच्या आजींना किंवा कामाला येणाऱ्या बाईंना विचारावे. माझ्या वहीतील निम्मी नावे अशीच मिळालेली आहेत.